मंत्रीसाहेब, भंगारासाठी पण बजेट द्या

मंत्रीसाहेब, नमस्कार.

मी वर्कशॉपमध्ये पोरांना शिकवतो. तिथं नवीन मशीन आलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. पण त्यावर चढवायला लोखंड कुठंय? २० पोरं, १ लेथ (लोखंड गोल फिरवून कापायचं मशीन), २ तासांचं प्रॅक्टिकल, म्हणजे एकेकाच्या वाट्याला ६ मिनिटं, ती तर जॉब, म्हणजे घडवायचा तुकडा, चकमध्ये (लेथच्या पकडीत) बांधून सेंटर करण्यातच जातात. मग काय, एकजण चालवतो, बाकीचे माना उंच करून बघतात आणि जर्नलमध्ये मात्र सगळ्यांचाच जॉब पूर्ण!

बघून हात बसत नाही हो. कानस मारताना नवीन पोरगं हात झोक्यासारखं हलवतं, कडा जास्त घासल्या जातात, मध्ये फुगवटा राहतो. हे फळ्यावर कितीदा सांगितलं तरी डोक्यात शिरत नाही, पण स्वतःच्या जॉबवर गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) लावून उजेडाकडे धरलं आणि दोन्ही बाजूंनी फट दिसली की तोंडातून आपोआप "अरेच्चा" निघतं. लेथवर फेसिंग, म्हणजे जॉबचं तोंड सपाट करताना पण तेच, कापणारं टूल सेंटरच्या जरा खाली असलं की मधोमध टिकलीएवढं टोक उरतं, ते एकदा बघितलेलं पोरगं पुढच्या वेळी न सांगता टूलखाली पत्री सरकवतं.

वेल्डिंगचं तर विचारूच नका. आर्क, म्हणजे रॉडचं टोक आणि लोखंड यांच्यातली विजेची ज्योत, साधारण रॉडच्या जाडीएवढी लांब ठेवायची, हे पाठ करायला मिनिट पुरतं. हाताला कळेपर्यंत रॉड चिकटतात, वाकडे होतात, बंडल संपतं. सिम्युलेटरला (स्क्रीनवर वेल्डिंगचा सराव करायचं मशीन) माझा विरोध नाही, रॉडचा कोन आणि हाताचा वेग बसवायला चांगलाच आहे, पण त्यात ठिणगी अंगावर येत नाही ना.

म्हणून मागणी एकच, दर विद्यार्थ्यामागे बिघडवायला माल द्या, लोखंड, रॉड, ड्रिल बिट, हॅक्सॉ ब्लेड. कागदावर याला वेस्टेज म्हणतात आणि पहिली कात्री तिथंच लागते. तपासणीला येणारे लोक मशीनचे फोटो काढतात, हजेरी बघतात, त्यांना एकदा भंगाराचा डबा पण उघडायला सांगा. वर्ष संपत आलं आणि डबा रिकामा असेल तर जर्नलवर सही करू नका म्हणावं.

आणि हो, सेफ्टी गॉगल पण त्याच यादीत टाका, सध्या ४ गॉगल २० जणांत फिरतायत.

तुमचा,
एक वर्कशॉप इन्स्ट्रक्टर