सुपडूला पत्र, डब्याविषयी

अमळनेर
रविवार, रात्री

प्रिय सुपडू,

पाकिटावरचं अक्षर बघून तू आधी म्हणशील, वामन गेला की काय, जाण्याआधी लिहून ठेवलेलं पंकजने टपालात टाकलं की काय. तसं नाही. फोन करता आला असता. केलाही होता दोनदा. एकदा वहिनींनी उचलला, तर मी ऊन फार आहे, आमच्याकडे पारा चव्वेचाळीसवर गेला, एवढंच बोलून ठेवून दिला. हे फोनवर बोलायचं नाहीच.

पहिली कबुली. गेल्या महिन्यात मी नाशिकला येऊन गेलो. सकाळी साडेआठ ते दुपारी अडीच. तुझं घर रिक्षाने वीस मिनिटांवर होतं. कळवलं नाही. आधी शिव्या घालून घे, मग पुढचं वाच.

तब्येतीचं एका दमात सांगतो: रक्ताच्या तपासणीत पीएसए वाढलं, बायॉप्सी केली, प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, हाडांत गेलेला नाही, इंजेक्शनं चालू आहेत. भूक लागते. बस, झालं.

तर हाडांत गेलाय का हे बघायलाच बोन स्कॅन. मला वाटलं एक्स-रेचाच थोरला भाऊ असेल. एक्स-रेत मशीन किरण टाकतं आणि आपण मध्ये उभे राहतो. इथे उलटंच आहे बघ. शिशाच्या जाड आवरणातून सिरिंज आली, साडेनऊला हाताच्या शिरेत टोचली, आणि त्या क्षणापासून किरण माझ्यातून बाहेर. आत टेक्निशियम-९९एम हे किरणोत्सारी द्रव्य, वीस मिलिक्युरी. ते एका फॉस्फेटसारख्या रसायनाला बांधून देतात. जिथे हाड नवं बनतंय तिथे ते जाऊन चिकटतं. मशीन वर येऊन मोजत बसतं, बस. मी मशीनखाली आडवा होऊन डोळे गच्च मिटले, तर तिथली मुलगी हसली. शिरपूरकडची. मी अमळनेरचा म्हटल्यावर तिने सरळ अहिराणीच लावली: "बाबा, मशीन नुसतं देखस. उजेड तुम्हना शे."

अडतीस वर्षं फिजिक्स शिकवलं रे मी. हे वाक्य मला एकदाही सुचलं नाही.

टेक्निशियम तिथे येतं कसं, तेही तिला विचारून घेतलं. शिशाच्या डब्यात मॉलिब्डेनम-९९ येतं, त्याचं अर्धआयुष्य ६६ तासांचं, म्हणजे तेवढ्यात ते निम्मं होतं. ते विरत विरत टेक्निशियम होत जातं. त्यातून मिठाचं पाणी ओढलं की टेक्निशियम धुऊन खाली येतं, मॉलिब्डेनम वर राहतं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरलेलं. त्या यंत्राला हे लोक गाय म्हणतात आणि रोज सकाळी दूध काढतात. मी म्हटलं, आमच्या गोठ्यातली ह्याच्यापेक्षा कमी भरवशाची. (गाय हा शब्द लक्षात ठेव, पुढे लागेल.)

इंजेक्शननंतर तीन तास थांबायचं, भरपूर पाणी प्यायचं आणि वेगळ्या संडासात जायचं. इंजेक्शन झालेल्यांची खोलीही वेगळी. तिथे आम्ही पाच जण, हातात पाण्याच्या बाटल्या, लग्नाच्या वऱ्हाडासारखे बसलेले. मालेगावकडची एक बाई होती, पन्नाशीची. तिने मास्तर ओळखला बहुतेक. हळूच विचारते, "भाऊ, आज घरी जाऊन भाकरी टाकल्या तर चालतील का? पोरं खातील ना?"

सुपडू, माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. उत्तर येत होतं. हाताला काही लागत नाही, पिठात काही उतरत नाही, हात धुवा आणि खुशाल टाका. एवढंच सांगायचं होतं. मी बाटली उघडून पाणी प्यायला लागलो. शेवटी शिरपूरच्या मुलीनेच तिला सांगितलं. वर सांगितलं, आजचा दिवस तान्ह्या पोराला मांडीवर घेऊन बसू नका, घरात कोणी गरोदर असेल तर रात्रीपुरतं जरा लांब राहा, संडासात पाणी दोनदा सोडा. बाईने दोनदा विचारून खात्री केली, "म्हणजे भाकरी चालतील."

तू आत्ता वाचायचं थांबला असशील. मला माहीत आहे कुठे थांबलास.

पण आधी हसून घे. स्कॅनच्या चित्रात माझे दोन्ही गुडघे दिवाळीच्या पणत्यांसारखे पेटलेले. संधिवातालाही हे औषध चिकटतं म्हणे. आणि डाव्या बाजूला एका बरगडीत एक ठिपका. डॉक्टर गंभीर. पंकज पांढरा. डॉक्टरांनी विचारलं, "काका, कुठे पडला होता का?" आता दिवाळीत माळ लावताना स्टुलावरून पडलो होतो, ते मी कुसुमपासून पाच महिने लपवलं होतं. पंकजसमोर कबूल करावं लागलं. तिथेच सीटी काढून बघितलं, बरगडीला जुनी चीर. म्हणजे कॅन्सर नाही हे कळलं आणि स्टूल उघडं पडलं. घरी त्या दिवशी कॅन्सरपेक्षा स्टुलावर जास्त बोलणं झालं.

संध्याकाळी साडेसातला अमळनेर. दहा तास झाले होते. सहा तासांचं अर्धआयुष्य धरलं तर तिसरा हिस्सा उरला, त्यातलंही बरंच मी नाशिक ते धुळे रस्त्यावरच्या ढाब्यांवर सोडून आलो होतो. तरी अश्विनीला सातवा महिना, आणि चिऊ चार वर्षांची. त्या रात्री मी आपणहून ओट्यावर खाट टाकली. ते बरोबरच होतं, त्याबद्दल तक्रार नाही. "चार हात लांब" ह्या म्हणण्यात केवढं गणित आहे बघ: अंतर चौपट केलं की किरण सोळावा हिस्सा. मेणबत्ती आणि पुठ्ठा घेऊन शिकवायचो ना मी. तू मागच्या बाकावर बसून माझी तपासणी करायला आला होतास आणि झोपला होतास.

पण कुसुमने विचारलं, "तुमचं हे कधी फिटणार?" फिटणार! सुतकासारखं. मी म्हटलं, साठ तासांत दहा वेळा अर्धं होतं, हजारातला एक भाग राहतो. तिला तास नको होते, दिवस हवे होते. पंकजच्या मोबाइलवर कोणीतरी पाठवलेलं काहीबाही आलं होतं, त्यात रेडिएशन म्हणजे हिरोशिमाच. मग तिने स्वतःच तेरा दिवस ठरवले. कपडे वेगळे, तांब्या वेगळा, जेवण ओट्यावर. चिऊने खडूने रेघ ओढून दिली आणि सांगितलं, "आजोबा, ही तुमची बॉर्डर." शेजारचे आप्पा रोज ओट्यावर पान खायला बसायचे, ते रस्त्याच्या पलीकडून हात करायला लागले.

जगात सगळीकडे माणसाला जमिनीतून, आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिलिसीव्हर्ट रेडिएशन मिळतंच. ह्या स्कॅनचं चार-पाच. म्हणजे दोन वर्षांचं उधारीवर एकदम घेतलं. कोल्लमच्या किनाऱ्यावर मोनाझाइटची वाळू आहे, तिथे लोक पिढ्यान्‌पिढ्या ह्याहून जास्त घेत राहतात. आपण एल.टी.सी.वर गेलो तेव्हा तू तिथेच वाळूत दोन तास घोरत पडला होतास, तुला कोणी वेगळं वाढलं नाही. आणि तुझा तो केळ्यांचा विनोद, माझ्या रावेरच्या सासरवाडीला चिडवायचा! तोही मांडून बघितला. एका केळ्यात पोटॅशियममुळे पंधराएक बेकरेल, म्हणजे सेकंदाला पंधराएक अणू फुटतात. माझं इंजेक्शन ७४ कोटी बेकरेलचं. म्हणजे जवळपास पाच कोटी केळी. सावद्याहून दिल्लीला जाणाऱ्या गाड्या मोजत बस. पण तुझी तुलना लबाडीची आहे, तेव्हाही होती. शरीर पोटॅशियम हवं तेवढंच ठेवतं, जास्तीचं टाकून देतं. आपल्या प्रत्येकाच्या अंगात चार हजारांवर बेकरेल कायमच असतं, केळी खा न खा. तुझ्याही. वहिनींच्याही.

आता डबा.

कुसुमला माझ्यासाठी वेगळं भांडं हवं होतं, नंतर टाकून दिलं तरी चालेल असं. माळ्यावरून एक स्टीलचा कडीचा डबा काढला. पहिल्या रात्री अंधारात जेवलो, फौजदारी डाळ आणि कळण्याची भाकरी. काही दिसलं नाही. तिसऱ्या दुपारी उन्हात झाकण उलटं पडलं होतं. त्यावर टाचणीच्या ठिपक्यांनी कोरलेलं: "चि. सौ. कां. नलिनीस मामांकडून, १९८३."

तू तो डबा मागितलाही नव्हतास कधी.

वीस वर्षांपूर्वी वहिनी मुंबईहून महाशिवरात्रीला परत आल्या. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेऊन. शिशाच्या दाराच्या खोलीत एकट्या राहिल्या होत्या, जेवणही दारात ठेवून जायचे, असं तू सांगत होतास आणि मी तुझ्यापासून सुद्धा एक खुर्ची सोडून बसलो होतो. तुला दिसलं होतं ते. मग पंकजची परीक्षा आहे, मग कुसुमचं अंग दुखतंय, मग मार्च एंड. आणि आखाजीला, अक्षय्य तृतीयेला, वहिनींनी मांडे पाठवले. खापरावरचे, रुमालासारखे. ह्याच डब्यात. वर चिठ्ठी: पंकजला आवडतात म्हणून.

महाशिवरात्र ते आखाजी, धर चौसष्ट दिवस. आयोडीन-१३१ चं अर्धआयुष्य आठ दिवस. आठ आठे चौसष्ट. एक थेंब बाहेर गेला नसता तरी दोनशे छप्पन्नावा हिस्सा उरला असता, आणि थायरॉइड काढलेल्या माणसाच्या अंगातून तर ते पहिल्या काही दिवसांतच निघून जातं. हे मी बारावीला दरवर्षी फळ्यावर सोडवून द्यायचो. त्याच मार्चमध्ये बोर्डाच्या उत्तरपत्रिका तपासल्या होत्या, अर्धआयुष्याचं गणित चुकवणाऱ्यांचे गुण कापले होते.

मी ते मांडे गोठ्यात नेऊन गायीला घातले.

ऐक पुढचं, कारण हे मी कुसुमलाही कधी बोललो नाही. चेर्नोबिलला १९८६ मध्ये मुलांच्या थायरॉइडमध्ये आयोडीन गेलं ते मुख्यतः गवतातून गायीत आणि गायीच्या दुधातून. हेही मला माहीत होतं. आणि मी कुठे टाकलं? गायीपुढे. आणि संध्याकाळी त्याच गायीचं दूध पंकजला पाजलं. म्हणजे मी घाबरलो होतो तेही धड घाबरलो नव्हतो. आयोडीनला नव्हतोच घाबरलो मी. काहीतरी वेगळंच होतं ते. लहानपणी दगडूमामाच्या टीबीत त्याचं ताट परसात पालथं असायचं ना, आपण दोघं लांबून बघायचो. तेच.

वहिनींनी पुढच्या आठवड्यात विचारलं, मांडे कसे झाले होते. मी म्हणालो, झकास. त्यांनी माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. तूही. पुढे दोन वर्षं आपण व्हॉलीबॉलच्या वर्गणीवरून भांडलो, असं सगळे समजतात. तू तेव्हा म्हणाला होतास, "हिशेब तुलेच येस." मला वाटलं वर्गणीचं बोलतोयस.

तर साठ तास होऊन गेले होते. मी आत जाऊन कुसुमला बसवून सगळं मांडून सांगू शकलो असतो, ती ऐकते, माझं गणित तिला समजतं. नाही सांगितलं. तेराव्या दिवसापर्यंत त्याच डब्यात जेवलो. तेराव्या दिवशी चिऊची बाहुली तुटली, ती पायाने रेघ पुसत पुसत आली आणि मांडीवर बसली. कुसुम काही बोलली नाही. आप्पा दुसऱ्या दिवशी आले, अंतर ठेवून.

नाशिकला का आलो नाही, कळलं ना आता? तेव्हा डबा सापडलेलाही नव्हता, फक्त ती मालेगावची बाई. इंजेक्शन टोचलेला मी तुमच्या दारात आलो असतो, वहिनींनी चहा ठेवला असता, आणि कप माझ्या हातात देताना त्यांनी काही विचारही केला नसता.

तुझ्याकडचं: नितीनच्या बदलीचं काय झालं? नातवाचा प्रवेश? तुझा गुडघा बदलायचा म्हणत होतास, बदल, माझ्यासारखा पेटवून ठेवू नकोस. मळ्याचा वाद कोर्टातून काढून घे, वकील तुला खातोय. स्पेक्ट्रोमीटर तूच फोडला होतास, दंडाचे अठरा रुपये मी भरले, हे अजून येणं आहे.

वहिनींना हे वाचून दाखवायचं की नाही, ते तू ठरव. मी ठरवायला बसलो तर आणखी वीस वर्षं जातील.

आखाजीच्या आधी, शनिवारी मी येतोय. पुढच्या इंजेक्शनचं निमित्त आहे, साधं आहे ते, उजेडबिजेड नाही. डबा चिंचेने घासून ठेवलाय. झाकणाला एक पोचा आहे, तो आमच्याकडचाच. डबा रिकामा परत करायचा नसतो, एवढं कळतं मला. पण काय भरू ते सुचत नाहीये. कुसुम म्हणते बिबडे, अश्विनी म्हणते केळ्याचे वेफर्स. तू सांग. वहिनींना न विचारता सांग.

तुझा,
वामन