मेस्त्री, गाडी खाली उतरवून बोल्ट आवळलात, त्याबद्दल

आळेफाट्याच्या मेस्त्रींना सप्रेम नमस्कार.

समोर आभार मानायला गेलं की 'त्यात काय एवढं' म्हणून तुम्ही विषय बदलता. म्हणून हे चारचौघांत लिहितोय. जुनी पिकअप चालवणाऱ्या बाकीच्यांनीही हे वाचावं असं मला मनापासून वाटतं.

पुढचे शॉकअप, म्हणजे शॉक ॲब्सॉर्बर, बदलणं हे काही मोठं काम नाही. पुढे सरळ ॲक्सल, दोन पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा), दोन शॉकअप, प्रत्येकाला वर-खाली एकेक बोल्ट. एवढ्याशा कामासाठी तुमच्याआधी तीन ठिकाणी पैसे मोजले आणि तिन्ही ठिकाणी काम अर्धंच झालं. कुणाचं नाव घेत नाही, पण काय चुकलं ते सांगायलाच हवं, कारण तीच चूक सगळीकडे होते.

पहिल्यांनी पुढच्या टायरवर पडलेले टप्पे बघून अलाइनमेंट करून दिली. सरळ ॲक्सलच्या गाडीला अलाइनमेंट म्हणजे जवळजवळ फक्त टो-इन, म्हणजे पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली ठेवणं. टो चुकलं तर टायरची नक्षी करवतीसारखी कडेकडेने झिजते, हात आडवा फिरवला की एका बाजूने बोचते. इथे तर परिघावर अंतराअंतराने खोलगट टप्पे होते. ते चाक रस्त्यावर नाचल्यामुळे पडतात, आणि चाक नाचतं ते शॉकअप गेला म्हणून. दुसऱ्यांनी तेल गळणारा डावा शॉकअप तेवढा बदलला. एका बाजूला नवा, दुसऱ्या बाजूला मेलेला, अशी गाडी खराब रस्त्यावर ब्रेक मारला की हातात राहत नाही. एका ॲक्सलचे दोन्ही शॉकअप जोडीनेच बदलायचे असतात, हे काय आता नव्याने शिकायचं आहे का? तिसऱ्यांनी जोडी घातली खरी, पण थोड्याच दिवसांत खालून खट-खट सुरू झाली. विचारलं तर म्हणाले, माल डुप्लिकेट आला असेल.

तुम्ही मात्र आधी पान्याला हातच लावला नाहीत. गाडी खराब रस्त्यावर फिरवून आणलीत आणि लगेच खाली वाकून चारही शॉकअपना हाताची उलटी बाजू लावलीत. पुढचा डावा चांगला गरम, उजवा जवळजवळ गार. शॉकअपचं कामच हेलकाव्याची ताकद तेलात जिरवून तिची उष्णता करण्याचं. जो गार राहिला तो काम करत नाही. बोनेटवर जोर देऊन गाडी हलवून बघायची पद्धत कारला ठीक आहे. पिकअपचे पाटे माणसाच्या वजनाने फारसे दबतच नाहीत, आणि जे थोडं हलतं ते पाट्यांच्या आपसातल्या घर्षणानेच थांबतं. शॉकअप मेलेला असला तरी अशी गाडी परीक्षेत पास होते.

मग उजवा शॉकअप मेला का, हे शोधलंत. ॲक्सलच्या वर चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला, असतं ते बंप रबर उजव्या बाजूला नव्हतंच. मोठ्या खड्ड्यात ॲक्सल वर आला की त्याने त्या रबरावर आदळून थांबायचं. रबर नसेल तर शॉकअपच पूर्ण मिटून थांबण्याचं काम करतो, आतला पिस्टन तळाच्या व्हॉल्व्हवर आपटत राहतो आणि तो फुटतो. बाहेरून तेलाचा थेंब नाही, आत काही शिल्लक नाही. आधीच्या तिघांच्याही नजरेसमोर ती मोकळी जागा होती. रबराची किंमत शॉकअपच्या मानाने काहीच नाही. ते नसतं बसवलंत तर नवी जोडीही तशीच गेली असती.

नवे शॉकअप खोक्यातून काढून थेट चढवले नाहीत, हेही लक्षात राहिलं. दुकानात ते आडवे पडलेले असतात, आत तेल आणि हवा जागा बदलतात. तुम्ही एकेक उभा धरून, पूर्ण ताणून, पूर्ण दाबून पाच-सहा वेळा चालवलात. आधी मध्येच पोकळ लागत होता, मग कुठेही पोकळी न लागता जड झाला. तुमच्या हाताखालच्या पोराच्याही हातात दिलात आणि विचारलंत, ताणताना जड की दाबताना? तो म्हणाला ताणताना. 'बरोबर, तसाच पाहिजे,' एवढंच बोललात.

पण ज्यासाठी हे पत्र लिहायला बसलो ती गोष्ट याच्या नंतरची. चारही बोल्ट घातलेत, नट हाताने आणि मग पान्याने नुसते टेकवलेत, आणि जॅक काढून गाडी चाकांवर उतरवलीत. गाडी दोन हात पुढे-मागे ढकलून पाटे जागेवर बसू दिलेत. मागच्या चाकांना लाकडाचे ठोकळे लावलेत. नंतर ओल्या जमिनीवर पोतं टाकून परत खाली शिरलात आणि मग शेवटचा जोर लावलात. गॅरेज बंद करायची वेळ झाली होती. जॅकवर गाडी असतानाच आवळून टाकलं असतं तर कुणालाही कळलं नसतं.

कळलं असतं ते बुशला, म्हणजे शॉकअपच्या कडीत बसवलेल्या रबराला. चेसी जॅकवर असताना ॲक्सल खाली लोंबतो आणि शॉकअप ताणलेला असतो. तेव्हा बोल्ट आवळला की बुशच्या आतली नळी त्याच कोनात जखडून बसते. गाडी खाली आली की शॉकअपची कडी फिरते, नळी फिरत नाही आणि मधल्या रबराला पीळ पडतो. गाडी नुसती उभी असली तरी तो पीळ तसाच राहतो. प्रत्येक खड्ड्याला त्यात भर पडते, शेवटी रबर नळीपासून सुटतं आणि लोखंडावर लोखंड वाजायला लागतं. काढलेल्या जुन्या शॉकअपचं बुश तुम्ही अंगठ्याने दाबून दाखवलंत. रबर नवंच होतं, पण एका बाजूने अर्धगोल फाटलेलं. ती खट-खट डुप्लिकेट मालाची नव्हती, आळसाची होती.

हे मी त्याच वेळी तावातावाने बोललो, तर तुम्ही म्हणालात, 'राहू द्या, त्यांच्याकडं गर्दी असेल.' दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवून स्वतःचं गिऱ्हाईक पक्कं करणारे खूप पाहिले. तुम्ही चूक दाखवलीत ती फाटलेल्या रबरात, माणसात नाही. मागचे शॉकअपही आत्ताच बदलून टाकू म्हटलं, तर 'दोन्ही सारखे गरम आहेत, तेल गळत नाही, कशाला खर्च करता' म्हणून नको म्हणालात. असा माणूस भेटला की या धंद्याबद्दलच नाही, एकूणच माणसांबद्दल बरं वाटायला लागतं.

जुनी गाडी ठेवणाऱ्याची फसवणूक सोपी असते. जुनी आहे, आवाज करणारच, असं म्हटलं की तो गप्प बसतो. तुम्ही तसं एकदाही म्हणाला नाहीत. ओतूरहून टोमॅटोचे क्रेट भरून माळशेज घाट उतरताना पुढची चाकं रस्त्याला चिकटून राहायला हवीत. आता वळणावर खड्डा लागला तरी स्टीअरिंग हातात राहतं. ब्रेक मारला की नाक एकदा खाली जातं आणि तिथेच थांबतं. ज्याला ही गाडी घाटातून रोज न्यायची आहे त्याच्या घरच्यांच्या वतीनेही तुमचे आभार मानतो.

500 किलोमीटर झाले की बोल्टना परत पाना लावून बघायचा, असं तुम्ही सांगितलं आहे. बाजार बंद असेल त्या दिवशी गाडी घेऊन येतो. पाटे ॲक्सलला आवळून धरणाऱ्या यू-बोल्टचंही तेव्हाच बघू.

तुमचा,
एक पिकअपवाला