तंबू ठोकायला जागा मिळेल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

डिसेंबरात आम्ही तिघे मित्र सायकलवरून बेळगाव जिल्ह्यातल्या कणकुंबीहून सौंदत्तीला गेलो. कणकुंबीत मलप्रभा उगम पावते आणि सौंदत्तीजवळ नविलुतीर्थला तिच्यावर धरण आहे. कधी नदीला धरून, कधी सोडून, जांबोटी, खानापूर, नंदगड, हलशी, कित्तूर, बैलहोंगल असे पाच दिवस. नंदगडला इंग्रजांशी लढलेल्या संगोळ्ळी रायण्णाच्या समाधीपाशी थांबलो, हलशीत भूवराह नरसिंहाचं कदंबकालीन देऊळ बघताना दुपार कधी टळली कळलं नाही. बैलहोंगलच्या बाजूला बाभळीच्या काट्यानं दोन ट्यूब खाल्ल्या, तेही चालतंय.

खरा त्रास रोज पाचनंतर सुरू व्हायचा. तंबू कुठे ठोकायचा? कणकुंबी-जांबोटीकडे भीमगड अभयारण्य, तिथं जंगलात रात्र काढणं नियमातही बसत नाही आणि अस्वलांपुढे शहाणपणाचंही नाही. पुढे भाताची कापणी झालेली मोकळी शेतं होती, पण मालक गावात नाही. एका गावाबाहेर रात्री दहाला दोघं बॅटरी घेऊन आले. ओळखपत्रं बघितली, आमचे फोटो काढले, तरी उठवलंच. दवानं भिजलेला तंबू अंधारात गुंडाळला आणि पेट्रोल पंपावर हवा भरायच्या यंत्राशेजारी बसून उजाडवलं. त्यांना तरी काय दोष द्यायचा? रात्री अनोळखी माणसं शिवारात म्हटल्यावर कोणीही घाबरणार. याउलट असोग्याच्या अलीकडे एका आजींनी, "थंडीत भायेर कशाला, गोठ्याच्या कडेला पडा की," म्हणून जागा दिली आणि सकाळी चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही.

आपल्याकडे सौंदत्तीच्या यल्लम्मा देवीच्या यात्रेला बैलगाड्या जायच्या, तेव्हा वाटेत मुक्काम ठरलेले असत. बैल सोडायचे, तीन दगडांची चूल मांडायची, पाणी गाव द्यायचं. कोणी ओळखपत्र मागत नसे. मग ग्रामपंचायती आणि देवस्थान कमिट्यांनी देवळाचं आवार किंवा शाळेचं मैदान रात्रीपुरतं प्रवाशांना द्यायला काय हरकत आहे? एक नळ, एक संडास, वहीत नाव आणि फोन नंबर, माणशी ५० रुपये घ्या. वहीत नोंद असली की गावालाही काळजी नाही.

जागा दाखवणारा फलकही लागेल. आता आमच्या भागात फलक म्हटलं की आधी मराठी-कन्नड भाषेचा वाद, म्हणून मी म्हणतो, नुसतं तंबूचं चित्र काढा.

आणखी एक. हंगामात उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक दोन जोडून धावतात. ट्रॅक्टरवर गाणी मोठ्यानं, मागे मात्र दिवा नाही की रिफ्लेक्टर नाही. बैलहोंगल रस्त्यावर तिन्हीसांजेला एका उभ्या ट्रॉलीवर मी जवळजवळ आदळलो होतो. बाहेर आलेला ऊस हँडलला घासला, तेव्हा कळलं की पुढे काहीतरी आहे. कारखान्यांनी वजनकाट्यावरच प्रत्येक ट्रॉलीला लाल पट्टी चिकटवावी.

– एक सायकलस्वार, शहापूर, बेळगाव