आजीकडून एक गाणं घेऊन ये

लालबाग,
रविवार, रात्रीचे साडेदहा

प्रिय बाय,

मामा उद्या कामावरून परत जाताना दादरला मला भेटणार आहे, त्याच्याबरोबर हे पत्र पाठवतोय. फोनवर तू दोन मिनिटं बोलतेस, मग खाजतंय म्हणून रडतेस, आणि मला जे सांगायचंय ते राहूनच जातं. म्हणून लिहायला बसलो. बाळ आत्ताच झोपलाय. आईचाही डोळा लागलाय.

आधी तब्येतीचं. फोड फोडायचे नाहीत. आजीने नखं कापली नसतील तर आजच कापून घे. सगळ्या फोडांवर खपल्या धरल्या की मग दुसऱ्याला लागण होत नाही, तोवर शाळेत पाठवू नका असं बाईंनी सगळ्याच पालकांना सांगितलंय. तुझ्या वर्गात आता पाच जणांना कांजिण्या आल्यात, म्हणजे तू एकटी नाहीस. आणि तुला डोंबिवलीला ठेवलंय ते फक्त बाळासाठी. भांडण झालं म्हणून नाही. हे तुझ्या मनात असणार, मला माहीत आहे.

काल पालक सभा होती. दर वेळी आई जाते, या वेळी बाळामुळे मी गेलो. ड्युटी बदलून घेतली आणि अर्धा तास लवकरच पोचलो. त्याच शाळेत मी शिकलो, पण त्या बाकावर इतक्या वर्षांनी बसलो की गुडघे कुठे घालायचे कळेना. तुझ्यासाठी बातम्या अशा: पाण्याची टाकी धुऊन झाली, वासाची तक्रार आता नाही. पहिलीची एकच तुकडी उरलीय. माझ्या वेळी तीन असायच्या. मुख्याध्यापिका म्हणाल्या की आजूबाजूला कुणाचं मूल शाळेत जायच्या वयाचं असेल तर आम्हाला सांगा, आम्ही घरी येऊन बोलू. मी आपल्या चाळीतल्या दोघांची नावं दिली. आणि स्नेहसंमेलन जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात ठरलंय. ते पुढे गेलंय, त्यामुळे तुला तयारीला वेळ मिळेल.

आता त्या गाण्याचं.

तुम्ही चौघींनी ते गाणं नाचासाठी लिहून दिलंत आणि बाईंनी चिठ्ठी परत पाठवली. घरी आल्यावर मी काय केलं? गाणं न ऐकताच नाही म्हटलं. तू विचारलंस, "मग विसर्जनाला तू याच गाण्यावर का नाचलास? मी तर तुझ्या खांद्यावर होते." मी म्हटलं, "उलट बोलू नकोस." बाय, ते उलट बोलणं नव्हतं. प्रश्न बरोबर होता आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून मी आवाज चढवला. दुसऱ्या दिवशी तुला ताप भरला आणि तो विषय तिथेच राहिला.

मी नंतर ते गाणं ऐकलं. आगारात दोन फेऱ्यांच्या मध्ये पंचवीस मिनिटं मिळतात, तेव्हा ड्रायव्हर काकांचे इअरफोन घेतले आणि तीनदा ऐकलं. पहिल्यांदा पाय आपोआप हलायला लागले. ठेका केरव्याचा आहे, आठ मात्रांचा. आपल्या चाळीतल्या भजनात पखवाजावर वाजतो तसलाच, फक्त वेग वाढवलेला. त्यामुळे तुम्हाला त्यावर नाचावंसं वाटलं यात तुमचं काहीच चुकलेलं नाही. दुसऱ्यांदा खिशातली डायरी काढून शब्द लिहून घेतले. तिसऱ्यांदा लिहिलेलं वाचत वाचत ऐकलं, तेव्हा ठेका कानावेगळा झाला आणि नुसते शब्द उरले.

त्या गाण्यात मुलगी आणि दारूची बाटली एकाच ओळीत आहेत. पुढे गाणारा म्हणतो की ती नाही म्हणाली तरी तो तिचा पिच्छा सोडणार नाही, आणि मागे सगळे हसतात. गेल्या महिन्यात माझ्या बसमध्ये एक माणूस एका कॉलेजच्या मुलीच्या बाजूला सरकत होता. ती सरकली की हा पुन्हा सरकायचा. मी एक घंटी दिली, बस थांबवली आणि त्याला खाली उतरवलं. एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल, हे तुला पाठ आहे. बसमध्ये ज्याला मी खाली उतरवतो, त्याच्याच गाण्यावर मी विसर्जनाला नाचलो, आणि तेही तुला खांद्यावर घेऊन. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे की मी शब्द कधी ऐकलेच नव्हते. ते गाणं स्टेजवर नको, हे माझं म्हणणं कायम आहे. पण आता ते ऐकून म्हणतोय.

हे मी सभेतही सांगितलं. तिथे तास-दीड तास याच विषयावर चर्चा झाली. एक बाबा म्हणाले, मुलांना कुठे अर्थ कळतो, नाचू द्या. एक आई म्हणाल्या, सिनेमाची सगळीच गाणी बंद करा. मी उठलो आणि तुझा प्रश्न सांगितला, तुझं नाव न घेता. वर्ग गप्प झाला. मग एकेक जण बोलायला लागला, की आमच्याकडेही लग्नात हेच वाजतं, वाढदिवसाला हेच वाजतं, आणि मुलांनी तेवढं नाचायचं नाही असं आपण कोणत्या तोंडाने सांगायचं.

बाईंना दोन्ही टोकं मान्य नव्हती. त्या म्हणाल्या, सिनेमाचं गाणं आणलं तरी चालेल, पण गटातल्या प्रत्येकाने त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत आधी वर्गात सांगायचा. सांगता येत नसेल तर ते गाणं अजून आपलं झालेलं नाही. आणि सांगायला लाज वाटत असेल, तर गाणं बदलायचं.

मला हे इतकं पटलं कारण मला आबांची आठवण झाली. तू आबांना पाहिलं नाहीस. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे कापड विणतात त्या खात्यात होते, 1982 चा संप झाला आणि त्यांची नोकरी गेली ती गेलीच. पण गणपतीत गावाला गेले की ते शक्ती-तुऱ्याच्या जाखडीत गायचे. पायात चाळ बांधून पोरं गोल नाचतात, मधे मृदंग असतो, आणि एक बाजू गाण्यातून प्रश्न टाकते, पुराणातला नाहीतर कोड्यासारखा. दुसऱ्या बाजूने उत्तर गाण्यातूनच द्यायचं. प्रश्नाचा अर्थ लागला नाही तर गळा कितीही गोड असो, सगळ्या गावासमोर हार. आबा रात्री बारा वाजता मला मांडीवर घेऊन प्रत्येक ओळ समजावून सांगायचे. मी झोपेने पेंगत असायचो, तरी सांगायचे. मी मात्र तुला ओळ समजावली नाही, सरळ बंदी घातली.

सभेआधी मी पोचलो तेव्हा चौथीची तालीम चालली होती. मुलं मोबाइलवरच्या ट्रॅकवर गात होती. ट्रॅक मोठ्या माणसाच्या पट्टीतला, त्यामुळे खालच्या ओळी मुलांच्या गळ्यात उतरतच नव्हत्या, नुसती पुटपुट. आणि वरची ओळ आली की सगळी ओरडायची. बाईंनी ट्रॅक बंद केला आणि पेटी पुढे ओढली. तीच जुनी पेटी, मधली एक पट्टी दाबली की वर यायचीच नाही आणि सूर वाजतच राहायचा. बाईंनी विचारलं, कुणाकडे जाड कागद आहे का? माझ्या खिशात तिकिटाच्या रोलचा उरलेला तुकडा होता. त्यांनी त्याच्या चार घड्या केल्या, पट्टीखाली सरकवल्या, आणि सूर थांबला. मग त्यांनी गाणं काळी चारमध्ये, म्हणजे वरच्या पट्टीत घेतलं. बाय, तीच मुलं, तेच गाणं, पण आवाज असा मोकळा झाला की मी दारातच उभा राहिलो. बाई म्हणाल्या, मुलांच्या स्वरतंतूंची लांबी कमी, म्हणून त्यांचा आवाज वरचा असतो. मोठ्यांच्या पट्टीत ओढून गायला लावलं की घसा बसतो. गाणं निवडताना शब्द बघतो तशी पट्टीही बघायला हवी, हे मला माहीतच नव्हतं.

शेवटी असं ठरलं की प्रत्येक वर्गाने निदान एक गाणं घरून आणायचं. ज्याच्या घरात जे गातात ते. फुलबाजारात बसणाऱ्या एका आईने तिथल्या तिथे जात्यावरची ओवी म्हणून दाखवली. जातं कधीच विकलंय, पण हात गोल फिरत होता. वरळीहून येणाऱ्या तुझ्या मैत्रिणीचे आजोबा तेलुगूत विणकरांचं एक गाणं म्हणतात, तेही साचेखात्यातलेच. ते शाळेत येऊन शिकवणार आहेत. बाई ही सगळी गाणी वहीत स्वरांसकट लिहून ठेवणार आहेत. त्यांनी आम्हाला विष्णु नारायण भातखंडे यांच्याबद्दल सांगितलं. 1860 साली आपल्या मुंबईतच, वाळकेश्वरला जन्मले. वकील होते, पण वकिली सोडून गावोगाव फिरले आणि घराण्यांतल्या उस्तादांकडून गाणी ऐकून स्वरलिपीत लिहून ठेवली. नाहीतर कित्येक चिजा त्या त्या घरातच राहिल्या असत्या. आता आपल्या शाळेची वही होईल. पहिल्या पानावर ओवी असेल.

तुमचा गट रद्द झालेला नाही. तिघी म्हणाल्या, ती आल्यावरच ठरवू. तुझी जागा मधली आहे, ती कुणी घेतलेली नाही.

आता घरातलं. मी मोबाइल तपासला. तू एक गाणं लावतेस, ते संपलं की पुढचं फोनच निवडतो, आणि पाचव्या-सहाव्या गाण्याला कुठल्या कुठे पोचतो. ते आपोआप पुढे जाणं मी बंद केलंय. तुझ्यावर पाळत ठेवायची म्हणून नाही, माझ्याही फोनवर बंद केलंय. रविवारी दुपारी आपण तासभर गाणी ऐकू. तीन तू लावायचीस, एक मी. मला न आवडलेलं मी मधेच बंद करणार नाही, पूर्ण ऐकणार आणि मग बोलणार. माझं गाणं तुला कंटाळवाणं वाटलं तर तसं सांग, पण तूही पूर्ण ऐकायचंस.

आणि इअरफोन. रस्त्यावरच्या गोंगाटात आपण नकळत आवाज वाढवत जातो. माझ्या बसमध्ये कॉलेजची मुलं असतात, मी कानाशी जाऊन तिकीट म्हणतो तरी त्यांना ऐकू येत नाही. त्यांच्या कानातलं गाणं मला उभ्या जागी ऐकू येतं. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांसाठी 75 डेसिबल, आणि तेही आठवड्याला 40 तासांपर्यंत, अशी मर्यादा सांगितलीय. मोठ्यांसाठी ती 80 डेसिबल आहे, म्हणजे तुमच्या कानांना आमच्यापेक्षा जास्त जपायचं. आपण घरात स्पीकरवरच ऐकू, बाळ झोपेत नसेल तेव्हा.

मंडळातही मी बोललो. म्हटलं, पुढच्या वर्षी विसर्जनाला डीजे नको, बेंजो पार्टी नाहीतर कच्छी बाजा बोलवू. कार्यकर्त्यांनी ऐकून घेतलं, पण हो म्हणाले नाहीत. पोरं येणार नाहीत म्हणतात. बेंजो ठरेपर्यंत मी सोडणार नाही. आणि नाहीच ठरलं, तर निदान ते एक गाणं लागलं की मी बाजूला उभा राहीन. तू असशील माझ्याबरोबर, तेव्हा बघशीलच.

आता तुझं काम. आजी बाळाला झोपवताना एक पाळणा म्हणते, तो तिच्या आईचा आहे. आईला त्याची दोनच कडवी येतात, पुढची आजीलाच माहीत. दुपारी ती भाजी निवडायला बसते तेव्हा विचार, तेव्हा ती खुशीत असते. शब्द न बदलता लिहून घे. मालवणी शब्द येईल तो तसाच लिही आणि बाजूला अर्थ लिही. ती कुठे थांबते, कुठे लांबवते, तेही लक्षात ठेव. बाई पेटीवर बसवून देते म्हणाल्यात. तिघींना मी अजून काही सांगितलेलं नाही, आवडलं तर तूच सांग.

नवी दुरेघी वही आणि दोन पेन्सिली पिशवीत ठेवल्यात. कॅलामाइनची दुसरी बाटलीही आहे, ती आजीकडे दे. बाळ उठला वाटतं, आई हाक मारतेय.

तुझा,
बाबा