आमच्या आमदारांनी काय विचारलं, ते छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अधिवेशन सुरू झालं की विधानभवनाच्या पायऱ्यांवर कोण बसलं, कुणी कुठला फलक धरला, कोण कुणाला काय बोललं, हे सगळं तुमच्या पेपरात रोज फोटोसकट येतं. पण कोल्हापूरच्या आमदारांनी त्या दिवशी कुठला प्रश्न विचारला आणि मंत्र्यांनी त्याला नेमकं काय उत्तर दिलं हे शोधायला गेलं तर आतल्या पानावर चार ओळी सापडतात, त्यापण बहुतेक वेळा आमदारांच्या ऑफिसातनं आलेल्या प्रेसनोटच्या. 'अमुक आमदारांनी आवाज उठवला' एवढंच त्यात असतं. उत्तर काय मिळालं ते नसतंच. ह्याबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

मी जिल्हा पातळीवरच्या एका सरकारी ऑफिसात आयुष्यभर नोकरी करून रिटायर झालो, त्यामुळं तारांकित प्रश्नाची, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नाची, ताकद मी खालच्या बाजूनं बघितली आहे. लोकांना वाटतं आमदार उठतो, विचारतो आणि मंत्री तिथल्या तिथं सांगून मोकळा होतो. तसं नसतं. प्रश्न कितीतरी आधी लेखी द्यावा लागतो, तो विधानमंडळ सचिवालयातनं मंत्रालयातल्या त्या त्या विभागाकडं, तिथनं आयुक्त ऑफिस, तिथनं जिल्हा, जिल्ह्यातनं तालुका असा उतरत येतो आणि माहिती परत त्याच वाटेनं वर चढत जाते. 'तारांकित आलाय' एवढं कुणी म्हटलं की ऑफिसातलं वातावरणच बदलायचं. माहिती आजच्या आज पाहिजे, रजा बंद, संध्याकाळी घरी कधी जाणार ते विचारायचं नाही. दोन-दोन वर्षं न हललेली फाईल त्या दिवशी टेबलावर येते, साहेब स्वतः साईटवर जाऊन येतात, मोजमाप पुस्तिका काढून बघतात, ठेकेदाराला नोटीस निघते, कारण उत्तरात 'कार्यवाही सुरू आहे' असं लिहायचं तर काहीतरी कार्यवाही खरोखर सुरू असावी लागते. एका गावात पाण्याची टाकी बांधून नुसती उभी होती, पंपाचं वीज कनेक्शन नाही म्हणून. सरपंच अर्ज देऊन थकले. मग त्या योजनेवर प्रश्न लागला आणि कनेक्शनचे पैसे आठवड्याभरात भरले गेले. त्या प्रश्नावर सभागृहात चर्चा झालीपण नाही, नंबरच आला नाही त्याचा, लेखी उत्तर पटलावर गेलं आणि संपलं. तरी पाणी आलं.

म्हणून कुणी म्हणतं ना की अधिवेशन म्हणजे टाईमपास, ते मला पटत नाही.

प्रश्नांचा साचा ठरलेला असतो. अमुक ठिकाणी अमुक काम निकृष्ट झालं हे खरे आहे काय, असल्यास चौकशी केली काय, त्यात काय आढळून आले, त्यानुसार दोषींवर कोणती कारवाई केली, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत. उत्तरंही ठराविक, 'हे खरे नाही', 'अंशतः खरे आहे', 'माहिती घेण्यात येत आहे', आणि शेवटच्या भागाला 'प्रश्न उद्भवत नाही'. ह्या उत्तरांवर जो आमदार खाली बसला त्याचा प्रश्न वाया गेला असं समजा. खरी परीक्षा असते उपप्रश्नाला, म्हणजे उत्तर ऐकून तिथंच विचारलेल्या पुढच्या प्रश्नाला. तिथं मंत्र्यांपुढं अधिकाऱ्यांनी लिहून दिलेला कागद असतो, पण आमदार काय विचारणार हे त्या कागदात पूर्ण मावत नाही. किती रक्कम मंजूर झाली, त्यातली प्रत्यक्षात किती आली, किती खर्च पडली, मार्चअखेरीला किती परत गेली, निविदा कितीला होती आणि सुधारित मान्यता कितीची दिली, मुदतवाढ कितव्यांदा आणि दंड लावला का माफ केला, असं एकेक आकड्यानं विचारणारा माणूस समोर असला की 'तपासून घेतो' म्हणून सुटता येत नाही. आम्ही उत्तर तयार करायचो तेव्हापण हेच बघायचो, प्रश्न कुणाचा आहे. अभ्यास करणाऱ्या आमदाराचा असेल तर टिपणी दोनदा तपासली जायची.

आता कोल्हापूरचं बघा. जिल्ह्यात विधानसभेच्या दहा जागा. २०२४ च्या निवडणुकीत दहाही ठिकाणी महायुतीचे किंवा त्यांना पाठिंबा देणारेच निवडून आले. त्यातले हसन मुश्रीफ आणि प्रकाश आबिटकर हे दोघं मंत्री झाले, मंत्री उत्तरं देतात, प्रश्न विचारत नाहीत, म्हणजे प्रश्न विचारायला राहिले आठ, आणि हे आठही सरकारच्या बाजूचे. विधान परिषदेत विरोधी बाजूचा आवाज आहे हे मान्य, पण अनुदानाच्या मागण्यांवर, म्हणजे खात्यांना खर्चाचे पैसे द्यायच्या ठरावांवर, मतदान करायचा अधिकार घटनेनं फक्त विधानसभेला दिलाय. वरनं निवडणुकीनंतर वर्ष उलटलं तरी विधानसभेला विरोधी पक्षनेता मिळालेला नव्हता. मग कोल्हापूरच्या पैशाचा हिशोब मंत्र्यांना विचारणार कोण?

माझं म्हणणं असं की त्या आठ जणांनीच विचारायचा. सत्तेतल्या आमदारानं आपल्या सरकारला अडचणीत कसं आणायचं असं कार्यकर्ते म्हणतात, त्यांना फिरोज गांधींचं उदाहरण द्यावंसं वाटतं. १९५७ साली ते काँग्रेसचे खासदार, सरकार काँग्रेसचं, पंतप्रधान त्यांचे सासरे. नव्यानं सरकारी झालेल्या आयुर्विमा महामंडळानं मुंदडा नावाच्या उद्योगपतीच्या कंपन्यांचे जवळपास सव्वा कोटींचे शेअर का घेतले हे त्यांनी लोकसभेत लावून धरलं. न्यायमूर्ती छागलांची चौकशी बसली, ती उघड्यावर लोकांसमोर झाली, आणि फेब्रुवारी १९५८ मध्ये अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारींना राजीनामा द्यावा लागला. सरकार काही पडलं नाही. विमा काढणाऱ्या सामान्य माणसाचे पैसे कुठं जातात हे मात्र देशाला कळलं. आणि इतकं लांब तरी कशाला जायचं, आपल्या कोल्हापुरातच एन. डी. पाटील सर होऊन गेले. विधान परिषदेत १८ वर्षं, १९८५ ते ९० कोल्हापूरचे आमदार, मधल्या काळात सहकारमंत्रीपण. प्रश्न विचारणं आणि उत्तर देणं दोन्ही बाजू त्यांनी बघितल्या होत्या. सभागृहातला त्यांचा तो अभ्यास पुढं कोल्हापूरच्या टोलविरोधी लढ्यात उपयोगी पडला असं मला वाटतं. शहरातले रस्ते २२० कोटींचे आणि टोल ३० वर्षं, हे गणित आपल्यापैकी बहुतेकांना कळलं ते नाक्यावर केबिन उभ्या राहिल्यावर. मग मोर्चे, बंद, केसेस सगळं झालं आणि २०१५ च्या डिसेंबरात टोल गेला, पण रस्ते करणाऱ्या कंपनीची भरपाई शेवटी सरकारी तिजोरीतनंच, म्हणजे आपल्याच खिशातनं. करारातल्या अटींची चिरफाड सही व्हायच्या आधी सभागृहात व्हायला पाहिजे, नंतर रस्त्यावर नव्हे.

आणखी एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि त्यानंतर पाच वर्षं प्रशासक होता. जिल्हा परिषदेतही २०२२ पासून कित्येक वर्षं तेच. एवढ्या काळात नगरसेवक नाही, झेडपी मेंबर नाही, स्थायी समितीची सभा म्हणजे प्रशासकच मांडणार आणि प्रशासकच मंजूर करणार. त्या पाच वर्षांत काळम्मावाडी धरणातनं शहराला पाणी आणणारी थेट पाईपलाईन पुरी झाली, २०२३ च्या दिवाळीला पाणी आलं, तरी नंतर कितीदा पुरवठा बंद पडला ते शहरातल्या बायकांना विचारा. रस्त्यांची कामं निघाली, केशवराव भोसले नाट्यगृह ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री जळालं आणि त्याच्या पुनर्बांधणीचा निधी आला, पुराच्या कामांसाठी जागतिक बँकेचं कर्ज येणार म्हणून जाहीर झालं. ह्या सगळ्यावर लोकांच्या वतीनं अधिकृतपणे जाब विचारायची एकच जागा उरली होती, ती म्हणजे मुंबईतलं आणि नागपूरचं सभागृह. तिथं ह्या पाच वर्षांत कुणी काय विचारलं ह्याची यादी कुणाकडं आहे? माझ्याकडं नाही, आणि खरं सांगायचं तर ती तुमच्या पेपराकडं असायला पाहिजे होती.

मोठ्या पैशाचं तर विचारूच नका. मार्चमध्ये बजेटच्या मागण्या येतात, काही खात्यांवर चर्चा होते आणि वेळ संपली की बाकीच्या खात्यांचे हजारो कोटी चर्चेशिवाय एकदम मताला टाकून मंजूर. त्याच्यावर वर्षभर पुरवणी मागण्या, म्हणजे बजेटपेक्षा जादा लागणाऱ्या पैशाच्या. जुलै २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात ९४ हजार ८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, त्यातले २५ हजार कोटी लाडक्या बहिणीसाठी. योजना चांगली का वाईट हा वेगळा विषय, माझ्या घरातपण ती मिळते. पण बजेट मांडून थोडे दिवस झाले असताना एवढी रक्कम लागते तर बजेट मांडताना अंदाज कुणी केला होता, आणि आता कुठल्या खात्याचे पैसे मागं राहणार, हे विचारायला कपात सूचना नावाचं साधन आमदाराच्या हातात असतं. मागणीतली रक्कम कमी करा अशी सूचना द्यायची, पैसे वाचवायला नव्हे तर त्या धोरणावर मंत्र्यांना बोलायला लावायला. ती किती जण मनापासून वापरतात?

कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल बहुतेक वेळा अधिवेशनाच्या शेवटच्या दिवशी पटलावर येतो, त्यामुळं त्याच्यावर चर्चा व्हायला दिवसच उरत नाही. तो पुढं आमदारांच्या लोकलेखा समितीकडं जातो, तिथं मंत्री नाही तर सचिव साक्षीला बसतात. काम चांगलं होतं पण बंद दाराआड आणि वर्षानुवर्षं मागं. त्यापेक्षा झेडपीचा कारभार तपासणाऱ्या आमदारांच्या पंचायत राज समितीचा (पीआरसीचा) दौरा आम्हाला जवळचा. पीआरसी येणार म्हटलं की झेडपीत ऑडिटचे जुने पॅरे, म्हणजे आक्षेप, बाहेर निघतात, वसुली लागते, दप्तर पुरं होतं.

पण मला सगळ्यात जास्त काळजी आश्वासनांची आहे. मंत्री सभागृहात म्हणतात 'तीन महिन्यांत चौकशी करू', 'अधिवेशन संपायच्या आत बैठक लावू', बाकं वाजतात, आमदार समाधानानं बसतात, दुसऱ्या दिवशी गावात अभिनंदनाचा बोर्ड लागतो. तीन महिन्यांनी तो विषय कुणाच्या लक्षात असतो? विधानमंडळाची आश्वासन समिती आहे, तिच्याकडं यादी असते, तरी खालच्या ऑफिसात एकदा अधिवेशन संपलं की फाईल परत कपाटात जाते हे मी बघितलंय. पंचगंगेच्या प्रदूषणावर आजपर्यंत किती मंत्र्यांनी किती आश्वासनं दिली असतील, आणि उन्हाळ्यात शिरोळकडं मासे मरून तरंगतात ते अजून थांबलेलं नाही. पाणी पिणारी, जनावरं धुणारी माणसं तिथं आहेत ओ.

म्हणून तुम्हाला विनंती अशी की येत्या अधिवेशनापासून कोल्हापूर आवृत्तीत आठवड्याला एक अर्धं पान ह्याला द्या. कुठल्या आमदाराचा कुठला प्रश्न, तारांकित का लक्षवेधी (तातडीच्या विषयाकडं मंत्र्यांचं लक्ष वेधणारी सूचना), मंत्र्यांचं उत्तर त्यांच्याच शब्दांत, आणि आश्वासन दिलं असेल तर त्याची तारीख. ज्या आमदारानं जिल्ह्यातल्या खर्चाबद्दल काहीच विचारलं नाही त्याचं नावपण छापा, सगळ्या पक्षांना एकच माप लावा. आणि तीन महिन्यांनी तीच यादी परत काढून प्रत्येक आश्वासनापुढं काम झालं का नाही ते लिहा. प्रश्नांच्या याद्या आणि उत्तरं विधानमंडळाच्या वेबसाईटवर असतात, कामकाज लाईव्ह पण दिसतं, फक्त त्या सरकारी भाषेतनं आणि शेकडो पानांतनं आपल्या जिल्ह्याचं वेचून काढायला वेळ लागतो. तुमच्याकडं माणसं कमी असतील तर आम्ही निवृत्त कर्मचारी मंडळी ते काम विनामोबदला करून द्यायला तयार आहोत, ह्यातल्या बऱ्याच जणांनी अशी उत्तरं स्वतः तयार केलेली आहेत त्यामुळं कुठल्या वाक्यात माहिती दिली आहे आणि कुठल्या वाक्यात नुसता वेळ मारून नेलाय ते आम्हाला लगेच दिसतं. कुणाशी बोलायचं आणि कधी यायचं तेवढं कळवा.

आपला नम्र,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी,
कसबा बावडा, कोल्हापूर