पाय ताठ पडत असतील तर फक्त कंबर तपासू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

भातलावणीनंतर कंबर धरली की आपल्याकडे कंबरेचा एमआरआय काढतात. चौथ्या-पाचव्या मणक्यातली गादी थोडी सरकलेली दिसते आणि तपास तिथेच थांबतो. पण चालताना पाय ताठ पडत असतील, पायातली चप्पल कधी सुटली ते कळत नसेल, छातीभोवती पट्टा आवळल्यासारखा वाटत असेल, तर दोष कंबरेच्या वर शोधायला हवा. मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो. त्याखाली नस दबली तर पाय ढिले पडतात, ताठ होत नाहीत. अशा वेळी मान आणि पाठ दोन्हींचा एमआरआय करून घ्यावा.

क्वचित तिथे मज्जारज्जूवर दाब देणारी चरबी सापडते. साध्या एक्सरेत ती दिसत नाही. एमआरआयच्या टी-१ नावाच्या चित्रात ती पांढरी दिसते, पण त्या चित्रात काही दिवसांपूर्वी साकळलेले रक्तही तसेच दिसते. म्हणून 'फॅट सप्रेशन'ची चित्रे हवीतच. त्यांत चरबी काळी पडते. चरबीत रक्तवाहिन्या मिसळलेल्या गाठीची, म्हणजे अँजिओलिपोमाची, शंका असेल तर चित्रात रक्तवाहिन्या उठून दिसाव्यात म्हणून गॅडोलिनियमचे इंजेक्शनही लागते. हे चिठ्ठीवर आधीच लिहिले तर कोल्हापूरची किंवा गोव्यातल्या बांबोळीची दुसरी खेप वाचते.

नुसती चरबी साठण्यामागे बहुधा लठ्ठपणा किंवा दीर्घकाळ घेतलेले स्टेरॉइड असते. सांधेदुखीवरच्या बिननावाच्या पुड्यांत ते मिसळलेले असू शकते, म्हणून डॉक्टरांना पुडी दाखवाच. मात्र ती एकदम बंद करू नका. शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनणे थांबलेले असते. रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकते. मात्रा हळूहळू उतरवायची, वजनही घटवायचे. पायांतली ताकद जात असेल किंवा लघवी तुंबली तर मात्र वाट पाहण्यात अर्थ नाही. मणक्याची मागची कमान काढून दाब मोकळा करावा लागतो.

मज्जारज्जूच्या आवरणाबाहेरची चरबी सहसा सुटी निघते. आवरणाच्या आतला लिपोमा, म्हणजे चरबीची गाठ, मज्जारज्जूला चिकटलेला असतो. तो पूर्ण ओढून काढला तर पाय जाऊ शकतात, म्हणून दाब कमी होण्यापुरताच काढतात. 'गाठ अर्धी का ठेवली?' असे विचारणाऱ्या नातेवाइकांना हे ऑपरेशनआधीच समजावले पाहिजे.

तान्ह्या बाळाच्या कंबरेवर मध्यरेषेत मऊ गाठ, खळगा किंवा केसांचा झुपका असेल, तर साधी चरबीची गाठ समजून ती कुणी कापू नये. तिचे मूळ मज्जारज्जूपर्यंत गेलेले असू शकते. आधी एमआरआय, मग न्यूरोसर्जनचे मत.

— मणक्याचे एक शल्यचिकित्सक, सावंतवाडी