यंदाच्या फराळाला मकरूद

ती. आई-बाबा,
सा. न. वि. वि.

आई, यंदाही तू करंज्यांचं पीठ कुटायला बसणार असं म्हणालीस. फोनवर तुझ्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, म्हणून लिहितोय. करंज्या यंदा विकत आणा. घरचं म्हणून जे काही व्हायचं ते मी करतो: मकरूद, म्हणजे खजूर भरलेल्या रव्याच्या तळलेल्या, पाकातल्या वड्या. इथे ट्युनिशियात, ट्युनिसला, आमच्या घरमालकीणबाईंनी शिकवले. त्या मूळच्या कैरुआन गावच्या, आणि मकरूद म्हणजे कैरुआनचाच, बाकीच्यांनी नुसती हौस करावी, असं त्यांचं ठाम मत. मकरूद शेजारच्या अल्जीरियातही करतात, तेव्हा तिथल्या माणसासमोर हे बोलायची सोय नाही.

तुझ्या कामाची गोष्ट ही की यात कुटणं नाही, मळणंही नाही. तीन वाट्या मध्यम जाड रव्याला एक वाटी ऑलिव्हचं तेल आणि चिमूटभर मीठ. दोन्ही तळव्यांत रवा चोळायचा, अगदी दाण्यादाण्याला तेल लागेपर्यंत, आणि झाकून ठेवायचा. बाई रात्रभर ठेवतात. सकाळी कोमट पाण्याचे हबके मारत बोटांच्या टोकांनी गोळा करायचा, बस. मळलं तर चिवटपणा येतो, खुसखुशीतपणा जातो. माझा तळवा टेकलेला दिसला की बाई मनगटावर चापट मारतात.

सारण खजुराचं. दक्षिणेकडच्या वाळवंटी भागातून देगलेत नूर खजूर येतो. तो बिया काढून वाफवायचा, दालचिनी, वाळवलेल्या संत्र्याच्या सालीची पूड आणि तेलाचं बोट लावून मऊ करायचा, करंगळीएवढ्या वळ्या करायच्या. मग रव्याची जाड वळी, तिला मधोमध बोटानं चर, चरात खजूर, कडा जुळवायच्या आणि सांधा खाली घालायचा. वरून कोरीव लाकडी ठसा दाबायचा. बाईंचा ठसा त्यांच्या सासूबाईंचा. एका बाजूच्या रेघा इतक्या झिजल्यात की त्या बाजूचे मकरूद जवळजवळ गुळगुळीत निघतात. नवा घ्या म्हटलं तर ऐकूनच घेत नाहीत. मग शंकरपाळ्यांसारखे तिरके काप.

तळताना आच मध्यम हवी. कापलेल्या बाजूंना खजूर उघडा असतो आणि आधी तोच करपतो, तेव्हा लक्ष तिथे. तेलातून काढले की गरम असतानाच लिंबू पिळलेल्या पाकात सोडायचे, पाकात थोडा मधही घालतात. वर भाजलेले तीळ. डब्यात दोन आठवडे तरी नीट राहतात, म्हणजे उरले तर.

बाबा, तुम्ही विचारलेलं कैरुआन इथून दीडेकशे किलोमीटरवर आहे. गाव 670 साली वसलं, तिथली मोठी मशीद फार जुनी, आणि 1988 पासून जुनं शहर युनेस्कोच्या यादीत आहे. पण तुम्हाला नेऊन दाखवायची आहे ती बीर बरूता नावाची विहीर. जिना चढून वरच्या मजल्यावर जायचं, तर तिथे डोळ्यांना पट्टी बांधलेला उंट रहाट ओढतोय! त्याला वर कसा चढवला असेल, यावर तुम्ही दिवसभर बोलाल. बाहेर गल्लीत मकरूदवाल्यांच्या परातींवर पिवळेजर्द ढीग लागलेले असतात.

तुमच्या साखरेचं माझ्या लक्षात आहे. तुमच्या वाटचे पाकात न घातलेले, आणि खजूर गोड असतोच, तेव्हा एकच.

आता सामान. इथला रवा ड्युरम गव्हाचा. आपला बन्सी गहूही त्यातलाच, म्हणून बन्सी रवाच आणा, बारीक नको. ऑलिव्हच्या तेलावर पैसे घालवू नका. अल्जीरियात वितळवलेलं लोणी वापरतात, तेव्हा आपल्या घरच्या तुपाला कोणाची हरकत नसावी. नारिंगीच्या फुलांचं पाणी मात्र मी आणतो. इथल्या नाबुल गावाकडे वसंतात फुलं उतरवतात आणि घरोघरी भट्टी लावून हे पाणी काढतात. मळणीच्या पाण्यात, चुकलो, हबक्यांच्या पाण्यात, दोन चमचे पुरतं.

खजूर मऊ बघून घ्या, खारीक नव्हे. तीळ घरात असतीलच. माझं तिकीट वसुबारसेच्या आदल्या दिवशीचं आहे, तोवर आईला रव्याच्या डब्याला हात लावू देऊ नका.

तुमचा,
बंड्या